बोटभर सरकलेला चष्मा

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. नटाला काहीही विचारा, तो 'हो' म्हणतो. घोड्यावर बसता येतं? हो. पोहता येतं? हो. ट्रक चालवाल? अगदी! मग शूटिंगच्या दिवशी तो घोड्याच्या मानेला मिठी मारून डोळे मिटून बसलेला सापडतो, पण तोवर करार झालेला असतो. पंचवीस वर्षं मी सिनेमांसाठी नट निवडते आहे. 'नाही हो, मला हे जमत नाही' असं म्हणणारा नट मला एकदाच भेटला आणि त्याने पुढे किराणा मालाचं दुकान टाकलं. म्हणजे हे सगळं मला कोळून प्यायल्यासारखं माहीत आहे. तरीही मी फसले, आणि तेही अशी की विचारू नका.

आमचं ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली ड्रायक्लीनरचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम गरम इस्त्रीचा वास. बाहेरच्या खोलीत माझं टेबल आणि सहा खुर्च्या. आतल्या खोलीत कॅमेरा, दोन दिवे, एक राखाडी पडदा आणि जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीची फुली. नटाने त्या फुलीवर उभं राहायचं, नाव सांगायचं, उंची सांगायची, डावा गाल दाखवायचा, उजवा गाल दाखवायचा आणि मग सीन करायचा. समोरच्या पात्राची वाक्यं मी वाचते, कॅमेऱ्याच्या शेजारी बसून, बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करावी तशा सपाट आवाजात. आपण तिथे अभिनय करायचा नसतो. आपण केला की नट आपल्याकडेच बघत बसतो.

कॅमेरा माझी धाकटी जाऊ चालवते. हो, सख्खी जाऊ. दोन जावा एका ऑफिसात नांदतात हे ऐकलं की लोक आमच्याकडे सर्कशीत बघावं तसं बघतात. आम्ही भांडतो की! रोज भांडतो. पण संध्याकाळी कुलूप लावायच्या आत मिटवतो, कारण घरी भांडायला वेगळे विषय आहेत. ती सगळं कॉम्प्युटरवर ठेवते, मी सगळं डोक्यात ठेवते. एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही. कुठला नट कुठल्या वर्षी कुठला शर्ट घालून आला होता आणि त्याचं कुठलं बटण तुटलं होतं, हेसुद्धा मी सांगते. दिग्दर्शक आमच्याकडे येतात ते माझ्या या डोक्यासाठी. ते डोकं आहे तोवर आमचं दुकान आहे.

तर या वेळी आमच्याकडे एका कादंबरीवरचा सिनेमा आला होता. सायकॉलॉजिकल थ्रिलर. एका विधवेच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक सज्जन शेजारी राहतो. तिच्या घराची जादा किल्ली त्याच्याकडे असते. ती बाहेर गेली की हा आत येऊन तिच्या वस्तू थोड्या थोड्या सरकवून ठेवतो. घड्याळ इकडचं तिकडे, भांडं या फळीवरून त्या फळीवर. चोरी नाही, मारामारी नाही. ती बिचारी हळूहळू स्वतःच्या डोक्यावरच संशय घ्यायला लागते, आणि तिची समजूत काढायला तोच चहाचा कप घेऊन हजर. आम्हाला हा शेजारी शोधायचा होता.

कादंबरी लिहिणाऱ्या बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, हातात कायम विणकाम. काहीतरी राखाडी आणि लांबलचक विणत असायच्या, ते मफलर होतं की जिन्यावरची पट्टी हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारी त्यांना पसंत पडल्याशिवाय घ्यायचा नाही, असं करारातच लिहिलेलं. त्यामुळे लेखिकाबाई आतल्या खोलीत कोपऱ्यात बसून प्रत्येक नट बघायच्या आणि तो बाहेर पडला की एकच शब्द बोलायच्या, "नको."

सोमवारी दिवसभरात बारा जणांना 'नको' झालं. एक जण इतक्या खालच्या आवाजात बोलला की जाऊबाईंनी दोनदा माइक तपासला. एकाने पापणी लववायचीच नाही असं ठरवलं होतं, दुसऱ्या पानावर त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. एक जण प्रत्येक वाक्यानंतर हसायचा. चहाचा कप पुढे करतानासुद्धा हसला. मी असते तर तो चहा कुंडीत ओतला असता.

"यांच्या डोळ्यांत चोर दिसतो हो," लेखिकाबाई म्हणाल्या. "माझा शेजारी चोर नाहीये. आपण मदतच करतो आहोत, असं त्याला मनापासून वाटतं."

"यात लेयर हवी," दिग्दर्शक म्हणाला. तो तिशीचा, हुशार आणि चांगल्या मनाचा मुलगा आहे, पण त्याला प्रत्येक गोष्टीत लेयर लागते. एकदा बिस्किटात नाही म्हणाला होता.

संध्याकाळी माझ्या टेबलाशी चहा पिताना लेखिकाबाई सांगू लागल्या, "मला वाचकांची पत्रं येतात. म्हणतात, गोष्ट छान आहे, पण बाई एवढी हुशार दाखवलीत, ती असल्या फालतू गोष्टींनी गोंधळेल कशी? पटत नाही."

मी जिभेला हाड नसलेली बाई. म्हटलं, "रागावू नका, पण मलाही नाही पटलं. आता हा माझा चष्मा बघा. पंधरा वर्षं टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, पेनांच्या डब्याला टेकून. न बघता हात टाकते आणि उचलते. कुणी बोटभर सरकवून दाखवावा, तत्क्षणी सांगेन."

"हो का," त्या म्हणाल्या आणि हातातले टाके मोजू लागल्या.

त्याच सोमवारी डॉक्टर आले. खरे डॉक्टर नव्हेत, नट. पण गेल्या वीस वर्षांत त्यांना डॉक्टरशिवाय दुसरं काही करायला मिळालेलं नाही, त्यामुळे सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात. पन्नाशीचे, मऊ आवाजाचे, इस्त्रीचा शर्ट. पिशवीत स्वतःचा स्टेथोस्कोप, कारण सेटवरचा वेळेला सापडत नाही. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर यायचं, मास्क खाली करायचा आणि म्हणायचं, "सॉरी. आम्ही खूप प्रयत्न केले." झालं. मागे रडारड सुरू, डॉक्टर गेले घरी.

"एकतीस वेळा, ताई," ते मला म्हणाले. "एकतीस पेशंट गेले माझ्या हातून. 'पेशंट बरा आहे, घरी घेऊन जा' असं एकदाही म्हणायला मिळालं नाही. बरा होणारा पेशंट सिनेमात डॉक्टरला भेटतच नाही. तो थेट पुढच्या सीनमध्ये बागेत बसून संत्रं खात असतो."

या सिनेमातही त्यांना मी डॉक्टरच्याच भूमिकेसाठी बोलावलं होतं. दोन वाक्यं. पण दिग्दर्शकाला प्रत्येकाला स्वतः बघायचं होतं आणि दोन वाक्यांवाल्यांचा नंबर शेवटी. म्हणून डॉक्टर रोज सकाळी यायचे, माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे आणि संध्याकाळी "उद्या येऊ ना?" विचारून जायचे. तक्रार नाही, कुरकुर नाही.

मंगळवारी दुपारी मी चष्म्यासाठी हात टाकला आणि हाताला टेबल लागलं.

चष्मा पेनांच्या डब्याच्या उजवीकडे होता. होतं कधी कधी, असं म्हणून मी तो घातला. बुधवारी वरून दुसऱ्या खणातली लाल फाइल तिसऱ्या खणात निघाली. त्याच दिवशी आतून जाऊबाईंची हाक, "ताई, फुली तुम्हीच लावलीत ना? नटाचा अर्धा खांदा कॅमेऱ्याबाहेर जातोय!" फुली मीच लावली होती, पावलं मोजून लावली होती. ती वीतभर सरकलेली. गुरुवारी सकाळी टेबलावरच्या कॅलेंडरने पुढचा महिना उघडून ठेवलेला.

आता दुसरी कुणी असती तर 'कुणीतरी हात लावला असेल' म्हणून मोकळी झाली असती. मला ते जमेना, आणि त्याला कारण होतं. माझ्या आईचं असंच सुरू झालं. आधी ती चष्मा विसरली, मग गॅस, मग मला. शेवटची दोन वर्षं ती मला 'बाई, तुम्ही कुणाकडे आलात?' असं विचारायची. माझी पाचावर धारण बसली. तरी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. जिन्यात जाऊन, इस्त्रीच्या त्या वासात उभी राहून मी दवाखान्यात फोन केला आणि शनिवारी अकराची वेळ घेतली. मेंदूचे डॉक्टर, खरे. नवऱ्याला सांगितलं नाही, जावेला तर नाहीच. तिला सांगितलं की ते कॉम्प्युटरवर जातं.

त्याच गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी हात धुऊन आले. जाऊ आणि दिग्दर्शक खाली गेले होते, लेखिकाबाई आतल्या खोलीत विणत होत्या. बाहेरच्या खोलीत फक्त डॉक्टर आणि त्यांचा पेपर. आणि माझा चष्मा पेनांच्या डब्यात, पेनांमध्ये, उभा.

मी त्या चष्म्याकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे बघितलं. टेबलापासून हाताच्या अंतरावर बसलेला माणूस. सोमवारपासून बसलेला. मऊ आवाज, चेहऱ्यावर चोरीचा लवलेश नाही. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हा माणूस ऑडिशन देतोय! आत फुलीवर उभे राहून सगळे शेजारी असल्याचं नाटक करतायत, आणि हा बाहेर बसून चार दिवस खराखुरा शेजारी करतोय. माझ्यावर!

"डॉक्टर," मी म्हटलं, "हे सगळं तुम्हीच केलंत ना?"

त्यांनी पेपर खाली घेतला. माझ्याकडे शांतपणे बघितलं. "हो," ते म्हणाले.

"सोमवारपासून?"

"सोमवारपासून."

"अहो, पण कशासाठी?"

"काम हवं होतं, ताई," ते इतक्या प्रेमाने म्हणाले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझा जीव असा काही भांड्यात पडला की मी त्या भल्या माणसाचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. माझं डोकं शाबूत होतं! वर शेजारी मिळाला होता!

सुट्टी संपताच त्यांना धरून आत नेलं, फुलीवर उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं, की या माणसाने चार दिवस माझं काय केलं. दिग्दर्शक उडायचाच बाकी होता. डॉक्टर शेजाऱ्याचा सीन वाचायला लागले आणि खोलीतल्या पंख्याचा आवाजसुद्धा नकोसा झाला. त्यांनी काहीच केलं नाही हो. एकतीस वेळा लोकांना वाईट बातमी द्यायची सवय असलेला माणूस, तो विधवेला फक्त इतकंच म्हणाला, "होतं असं कधी कधी. तुम्ही दमला आहात. चहा घ्या." मी सपाट आवाजात माझं वाक्य वाचायला गेले आणि माझा आवाज कापला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

सगळे लेखिकाबाईंकडे बघत होते. त्यांच्या सुया थांबल्या होत्या. त्या डॉक्टरांकडे मान वाकडी करून बघत होत्या, एखाद्या मुलाने गणित भलत्याच रीतीने सोडवून उत्तर मात्र बरोबर आणावं, तसं.

"यांच्या वस्तू तुम्ही सरकवल्यात?" त्यांनी विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाले.

"चष्मासुद्धा?"

"चष्मासुद्धा."

"ही खालची फुली?"

डॉक्टरांनी पायाखाली बघितलं, मग सरळ त्यांच्या डोळ्यांत. "फुलीसुद्धा."

लेखिकाबाई बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग पुन्हा सुया चालू झाल्या. "हेच," त्या म्हणाल्या. "दुसरं कुणी बघू नका."

त्या आनंदात मी काय करावं? सगळ्यांच्या देखत दवाखान्यात फोन लावला आणि शनिवारची वेळ रद्द केली. आईचं सगळं सांगितलं, हसत हसत सांगितलं. "बघा, मी इकडे मरायला टेकले होते आणि हे महाशय माझी परीक्षा बघत होते!" सगळे हसले. जाऊ हसली नाही, माझ्याकडे रोखून बघत राहिली. आणि डॉक्टर हसता हसता मध्येच थांबले. मला वाटलं, भूमिका मिळाली म्हणून भरून आलं असेल.

शुक्रवारी सकाळी करारावर सह्या करायच्या होत्या. डॉक्टर नवा शर्ट घालून आले. टेबलावर कागद, कागदावर पेन. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, मग टोपण परत लावलं.

"ताई," ते म्हणाले, "ती शनिवारची वेळ परत घ्या."

"कशाला?"

"मी तुमच्या चष्म्याला हात लावलेला नाही."

खालून ड्रायक्लीनरच्या मशीनची घरघर ऐकू येत होती.

"फाइलला नाही, फुलीला नाही, कशालाच नाही," डॉक्टर पुढे म्हणाले. "तुम्ही विचारलंत, 'तुम्हीच केलंत ना?' मला वाटलं, काहीतरी चांगलंच केलं असणार मी, तुमचा चेहरा इतका फुलला होता. तोंडातून 'हो' निघून गेलं. सवय आहे हो, वीस वर्षांची. मग तुम्ही मला आत घेऊन गेलात, आणि मला कळलं की काय केलं ते, म्हणजे काय नाही केलं ते. तरी मी गप्प बसलो असतो. खोटं कशाला बोलू, नक्की बसलो असतो. पण तुम्ही ती वेळ रद्द केलीत. रात्रभर तेच डोक्यात. मी खरा डॉक्टर नाहीये, ताई. माझ्या शब्दावर कुणी दवाखाना सोडू नये. बायको म्हणाली, भूमिका गेली तर गेली, आधी जाऊन सांगा."

त्यांनी पेन कागदावर ठेवलं, नीट, सरळ रेषेत.

भूमिकेचं काय होणार, एवढंच दिग्दर्शकाच्या चेहऱ्यावर होतं. माझ्या मनात भूमिका नव्हती. माझ्या पायाखालची जमीन सरकली होती. यांनी नाही केलं, तर मग कुणी? मीच. चष्मा मीच ठेवला पेनांच्या डब्यात, आणि मला आठवत नाही. फुली मीच चुकीची लावली. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"म्हणजे मीच," मी म्हटलं. एवढं मोठ्याने म्हणायचं नव्हतं, पण निघालं. "आईसारखंच."

जाऊ कॅमेरा सोडून बाहेर आली आणि माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. माझ्या खांद्यावर हात ठेवला तिने.

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला, "मी."

लेखिकाबाईंनी विणकाम मांडीवरून काढून खाली ठेवलं होतं. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे हात रिकामे दिसले.

"मी केलं ते," त्या म्हणाल्या. "चष्मा, फाइल, कॅलेंडर, हे डॉक्टर पेपरात डोकं घालून असताना. फुली चहाच्या वेळी आत एकटी असताना काढून लावली, गुडघे दुखले माझे. तुम्ही सोमवारी म्हणालात ना, बोटभर सरकवून दाखवा. वाचक पटत नाही म्हणतात, तुम्हीही म्हणालात. मला वाटलं, बघू या तरी. माझं चुकलं. तुमच्या आईचं मला काल कळलं, तेव्हाच सांगायला हवं होतं. पण यांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं, तुम्ही हसत होतात, वेळ रद्द केली होतीत. मला वाटलं, मिटलं. लाज वाटली मला सांगायची."

आता मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, बाई, तुम्हाला काही वाटतं का? चार दिवस माझी झोप उडवलीत! मंगळवारी चष्मा डब्याच्या उजवीकडे, बुधवारी फाइल दुसऱ्या खणातून तिसऱ्यात, त्याच दिवशी फुली डावीकडे वीतभर, काल सकाळी कॅलेंडर एक महिना पुढे, काल दुपारी चष्मा डब्यात, निळं पेन आणि कात्री यांच्या मधोमध, काड्या खाली करून! हा काय पोरखेळ आहे?

लेखिकाबाई खाली मान घालून ऐकत होत्या. मी दम घ्यायला थांबले, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"काड्या खाली करून," त्या हळूच म्हणाल्या. "बरोबर. आणि निळं पेन आणि कात्रीच्या मधोमध. मलाही आठवत नव्हतं."

जाऊ खुदकन हसली. "ताई, तुमच्या आईंना चष्मा कुठे ठेवला ते आठवायचं नाही. तुम्हाला तुम्ही न ठेवलेलासुद्धा आठवतोय."

मी खुर्चीत बसले. खरंच की. विसरणारं माणूस असं वार लावून, खण मोजून भांडत नाही.

"फक्त एक राहिलं," लेखिकाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत शिक्षिकेची जुनी चमक परत आलेली मला दिसली, आणि मला धास्ती वाटली. "खरं तर सुरुवात मंगळवारी नाही झाली. सोमवारी संध्याकाळी तुम्ही कप ठेवायला उठलात, तेव्हाच मी चष्मा सरकवला होता. बोटभर. तुम्ही आलात, उचललात, पुसलात, घातलात आणि माझ्याशी गप्पा मारत बसलात."

तत्क्षणी सांगेन म्हणाले होते ना!

"म्हणजे कादंबरी पटते," दिग्दर्शक आनंदाने ओरडला. "ही केवढी लेयर आहे, मॅडम!"

"तू गप्प बस," मी आणि जाऊ एकदमच म्हणालो.

डॉक्टर या सगळ्यात आपली पिशवी खांद्याला लावून दारापाशी पोचले होते. "मी निघतो," ते म्हणाले. "दोन वाक्यांचं काम अजून शिल्लक असेल तर कळवा."

"कुठे निघालात?" लेखिकाबाई म्हणाल्या. "बसा. अहो, वस्तू कुणी सरकवल्या हे या ऑफिसात एका माणसाला पक्कं माहीत होतं, मला. म्हणून काल तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून 'फुलीसुद्धा' म्हणालात, तेव्हा तुम्ही धडधडीत खोटं बोलता आहात हे फक्त मला कळत होतं. आणि मला माहीत असूनसुद्धा क्षणभर वाटून गेलं, की असेल बाई, यांनीच सरकवली असेल, मीच विसरले असेन. चार दिवस मी तेवढ्या एका क्षणासाठी बसले होते. मी काल 'हेच' म्हणाले ते तुमच्या खोटं बोलण्याला म्हणाले."

"पण मला ते पचलं नाही हो," डॉक्टर म्हणाले.

"पचू नयेच. सिनेमापुरतं बोला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ज्या बाईची चार दिवस झोप उडाली तिची परवानगी मागत होते ते. भूमिका समोर असताना सही न करता दवाखान्याची वेळ परत घ्या म्हणणारा हा माणूस, याला मी कोण अडवणार? मी पेन उचलून त्यांच्या हातात दिलं आणि बजावलं, "पण यापुढे मी काहीही विचारलं तर आधी 'काय ते?' असं विचारायचं."

"हो," ते म्हणाले. मग जीभ चावून म्हणाले, "म्हणजे, काय ते?"

सह्या झाल्या. लेखिकाबाईंनी उठून माझ्यापुढे ते राखाडी लांबलचक विणकाम धरलं. म्हणाल्या, पुरं झालं की हे तुमचं. मी घेईन म्हटलं. राग गेला नव्हता, अजूनही थोडा आहे, पण बाईंचे हात थंड पडले होते आणि मला त्यांची दया आली.

"तरी उद्या जाऊन येऊ या आपण," जाऊ माझ्या कानाशी म्हणाली. "मी फोन केलाय परत. अकराचीच वेळ मिळाली."

"कधी केलास?"

"काल. तुम्ही रद्द केल्यावर पाच मिनिटांनी."

आता हिला काय म्हणावं! मी डोळे पुसायला चष्मा काढला, आणि न बघता डाव्या कोपऱ्यात, डब्याला टेकून ठेवला. तेवढ्यात बघते तर डॉक्टरांनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढून गळ्यात घातलेला. ते माझ्यासमोर आले नाहीत, सरळ माझ्या जावेसमोर जाऊन उभे राहिले. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येतात तसे. नसलेला मास्क दोन बोटांनी खाली केला. एकतीस वेळा केलेली ती तयारी सगळ्यांच्या ओळखीची होती.

"तुम्ही पेशंटच्या कोण?" त्यांनी विचारलं.

"जाऊ," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि त्यांना शब्दच फुटेना. वीस वर्षं वाट बघितलेलं वाक्य, ऐन वेळी घशात अडकलं. मी नटांना वाक्यं वाचून देणारी बाई, पण हे वाक्य मी वाचून देणार नव्हते.

"पेशंट बऱ्या आहेत," डॉक्टर शेवटी म्हणाले. "घरी घेऊन जा."